वणव्यामुळे महामार्ग बंद असताना व्हँकुव्हर ते कॅल्गरी प्रवासाचे नियोजन

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उन्हाळी प्रवास आखताना व्हँकुव्हरहून कॅल्गरीकडे जाणारा ट्रान्स-कॅनडा महामार्ग खुला राहील असे गृहीत धरू नये. ऑगस्ट 2023 मध्ये शुस्वाप परिसरातील वणव्यामुळे तो चेस आणि सोरेन्टो यांच्या दरम्यान बंद करावा लागला होता. निघण्याच्या आदल्या रात्री, पुन्हा सकाळी आणि प्रत्येक मोठ्या थांब्यावर ‘ड्राइव्हबीसी’ या सरकारी संकेतस्थळावरील रस्त्यांची स्थिती पाहावी, कारण वारा फिरला की काही तासांत चित्र बदलते. डोंगराळ भागात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे नकाशे आधीच उतरवून घ्यावेत.

पर्यायी मार्ग म्हणून होप येथून महामार्ग 3 धरून ओसोयूस, क्रॅनब्रूक आणि क्रोजनेस्ट खिंडीमार्गे अल्बर्टा या कॅल्गरीच्या प्रांतात उतरता येते. हा रस्ता लांबचा आणि वळणावळणाचा असल्याने मुले वा वृद्ध आई-वडील सोबत असतील तर वाटेत एक मुक्काम ठेवणेच योग्य; मात्र या मार्गावरही वणवे लागतात, म्हणून त्याचीही स्थिती तपासावी.

मुक्कामाची खोली विनाशुल्क रद्द करता येईल अशीच घ्यावी. 2023 मध्ये विस्थापितांसाठी खोल्या मोकळ्या राहाव्यात म्हणून केलोना, कॅमलूप्स आदी शहरांत पर्यटकांच्या निवासावर तात्पुरते निर्बंध आले होते, आणि घर सोडून आलेल्यांचा त्या खोल्यांवर पहिला हक्क आहे, हे आपण मनापासून मानले पाहिजे. स्थलांतराचा आदेश असलेल्या भागात, रस्ता मोकळा दिसला तरी, शिरू नये. इंधनाची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये; धूर दाटल्यास काचा बंद ठेवून गाडीतील हवा आतल्या आत फिरती ठेवावी.