सणाचा फ्रॉक: आतून मऊ, वाढीला जागा ठेवून

सणाच्या फ्रॉकवर जरी, लेस, जाळी सगळं हौसेनं लावलं जातं आणि मूल तासाभरात "टोचतंय" म्हणत तो काढायला लावतं. म्हणून शिवायला बसताना आधी आतल्या बाजूचा विचार करा. इथे वर अस्तराची बॉडी आणि खाली चुण्यांचा घेर असा साधा, बिनबाह्यांचा फ्रॉक घेतला आहे.

छाती, कंबर, खांदा, मुंढा (काखेभोवतीची गोलाई), खांद्यापासून कंबरेपर्यंतची आणि पूर्ण उंची ही मापं पातळ कपड्यावरून घ्या. अस्तराला मऊ सुती कापड निवडा आणि कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड आटतं. ही पायरी टाळली, तर पहिल्याच धुण्यात अस्तर आखडून वरचं कापड फुगतं.

बेतताना छाती २२ इंच असेल तर चौथा हिस्सा साडेपाच इंच. त्यात पाऊण इंच ढिलाई आणि अर्धा इंच माया (शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड) मिळवा, म्हणजे पावणेसात इंच. कडेच्या शिलाईत आणखी इंचभर माया सोडलीत तर पुढच्या वर्षी फ्रॉक सैल करता येईल. मागचा भाग मधोमध उघडा ठेवायचा, म्हणून तिथे बटणपट्टीसाठी प्रत्येक बाजूला इंचभर जास्त घ्या.

वरच्या कापडाचे आणि अस्तराचे खांदे वेगवेगळे जोडा. मग दोन्ही सुलट बाजू समोरासमोर ठेवून गळा, मुंढे आणि मागच्या उघड्या कडा शिवा. गोलाईवर टीप न कापता कात्रीनं बारीक काप द्या आणि मागचे दोन्ही भाग खांद्यांतून पुढच्या बाजूला ओढून सुलटा. आता काखेखालच्या दोन्ही कडा कच्च्या टाक्यांनी जोडून मुलाला घालून बघा. हात वर करायला सांगा, खाली बसायला सांगा. काखेत काचलं तर कडेची माया सोडा, मगच पक्की शिलाई मारा.

चुण्यांना घाई चालत नाही. घेर कंबरेच्या दुप्पट घ्या, जाळी असेल तर तिप्पट. मशीनचा टाका सर्वांत लांब ठेवून शिलाईरेषेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोन टिपा मारा. टोकांना गाठ मारू नका. घेर आणि कंबर दोन्हींचे चार सारखे भाग खुणावून जुळवा, मग फक्त बॉबिनचे (मशीनच्या खालच्या रिळाचे) दोरे हळूहळू ओढा. एकाच टिपेवर भागवलंत तर चुण्या कुठे दाट, कुठे विरळ बसतात. मागची बटणपट्टी उघडी राहते, तसा घेराचा मागचा जोडही वरून तीन इंच उघडा ठेवा.

घेर फक्त वरच्या कापडाला जोडा. अस्तराची खालची कड आत दुमडून त्या शिलाईवर हातानं टाके घालून बसवा. जाळी सर्वांत जास्त बोचते ती कंबरेच्या याच जोडात, आणि आता तो पूर्ण झाकला जातो.

खाली दोन-तीन इंचांची दुमड ठेवा, उंची वाढली की उसवता येते. बटणं पक्की लावा आणि गळ्याशी बांधायची नाडी टाळा, खेळताना ती कुठेही अडकू शकते. युरोपातल्या ईएन १४६८२ या मानकातही लहान मुलांच्या कपड्यांना मानेपाशी नाडी चालत नाही.

फ्रॉक मुलाच्या अंगावर चढवण्याआधी आतून सगळीकडे हात फिरवा आणि टाचण्या मोजून डबीत ठेवा.