सार्वजनिक आरोग्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी: बडोद्यातील अनुभव

डॉक्टर नसताना आरोग्याच्या क्षेत्रात काय करणार, हा प्रश्न बडोद्यातल्या मराठी घरांत आजही विचारला जातो, आणि पदवी संपत आलेली मुले तोच घेऊन माझ्याकडे येतात. एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम समाजकार्य, गृहविज्ञान, संख्याशास्त्र, नर्सिंग अशा शाखांच्या पदवीधरांनाही अनेक संस्थांत खुला असतो. गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आपल्याला जवळच्या संस्थांपैकी एक. संख्याशास्त्राला घाबरून केवळ ‘समाजसेवेची आवड’ एवढ्यावर या क्षेत्रात येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण असे की आरोग्यातील विषमता सरासरीच्या आकड्यात लपते. शहरात साधारण ५० हजार लोकवस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. परंतु बांधकामावर राबणारी, दाहोद किंवा छोटा उदेपूरहून आलेली कुटुंबे काम संपले की दुसऱ्या वस्तीत जातात, आणि त्यामुळे गरोदर बाईची नोंद गावात, राहणे शहरात आणि तपासणी कुठेच नाही, अशी अवस्था होते. पूर्ण वॉर्डाचे लसीकरण उत्तम दिसत असताना त्याच वॉर्डातील एका वस्तीत ते अर्धवट राहिलेले असू शकते. म्हणून कोणताही तक्ता हाती आला की तो वस्ती, स्थलांतर, जात आणि उत्पन्न यांनुसार फोडून पाहण्याची सवय पहिल्या सत्रापासून लावून घ्यावी. ममता दिवस, म्हणजे गरोदर बायका व बालकांच्या तपासणी-लसीकरणाचा ठरलेला दिवस, दुपारी ठेवला, तर रोजंदारीवरच्या बाईला त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते; ही वेळ बदलून घेण्यासाठी वैद्यकीय अधिकारी, आशा (वस्तीतील आरोग्यसेविका) आणि मुकादम यांना एकत्र बसवणे, हेच या क्षेत्रातले नेतृत्व होय.

आरोग्यशिक्षणातही आधी ऐकावे लागते. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या किमान १८० दिवस घ्यायच्या असतात, पण शौच काळे होते, मळमळते, म्हणून अनेकजणी त्या मध्येच सोडतात. असे होणे अपेक्षित आहे आणि गोळी चहाबरोबर घेऊ नये, हे आधीच सांगितले तर भीती पुष्कळ कमी होते. बडोद्यात हे गुजरातीत सांगता आले पाहिजे, आणि आदिवासी वस्तीत तेथील बोली जाणणारी आशा सोबत हवी.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातील बरीच पदे कंत्राटी असतात. नोकरी स्वीकारण्यापूर्वी मुदत, नूतनीकरण आणि प्रवासखर्च यांविषयी लेखी विचारावे, आणि शक्य असल्यास पहिली दोन वर्षे कार्यालयाऐवजी वस्तीत काम मागून घ्यावे.