जादा दिवे: ब्रॅकेट दुकानात बसवा, वायरिंग स्वतः करा

मुरबाडच्या पुढे डांबर संपून एखाद्या पाड्याकडे जाणारा कच्चा रस्ता लागला की गाडीचे मूळ हेडलाइट किती तोकडे पडतात, हे रात्री तिकडे गेलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. प्रश्न उरतो तो जादा दिवे दुकानात बसवून घ्यावेत की स्वतः बसवावेत, एवढाच. ठाण्यात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी हे काम स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून सात गाड्यांवर केले आहे. त्यावरून सांगतो की बंपरला भोक पाडून ब्रॅकेट बसवण्याचे काम खुशाल दुकानाकडे द्यावे, कारण ड्रिल आणि सवयीचा हात दोन्ही त्यांच्याकडे असतात. वायरिंग मात्र स्वतःच करावे. दुकानदाराला तासाभरात पुढची गाडी घ्यायची असते, आणि वेळ तो नेमका न दिसणाऱ्या जागी वाचवतो.

माझे पहिले दिवे मी नवी मुंबईतल्या एका दुकानातून बसवून घेतले होते. रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) नाही, फ्यूज नाही, हेडलाइटच्या वायरीला सोलून मारलेला जोड आणि त्यावर काळी टेप. पंधरा मिनिटे दिवे चालू ठेवले की डॅशबोर्डवरचा स्विच बोटाला चटका देत असे. कंपनीच्या मूळ वायरिंगला काप देऊ नये, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर मुळीच देऊ नये, हे मी तेव्हा शिकलो.

हिशोब सोपा आहे. 55 वॅटचे दोन हॅलोजन दिवे 12 व्होल्टला सुमारे 9 अँपिअर ओढतात. त्यासाठी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 15 अँपिअरचा फ्यूज आणि 30 अँपिअरचा चार पायांचा रिले घ्यावा. एलईडी दिवे कमी वीज घेतात, पण पद्धत तीच राहते.

आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे. फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत हवा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून उघडी पडली तर तिला वाचवणारे काहीच नसते. रिलेच्या 30 क्रमांकाच्या पायाला फ्यूजमधून आलेली वायर, 87 ला दिवे, 86 ला स्विचकडून येणारी वायर आणि 85 ला अर्थ, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून (चासीतून) बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी वाट, जोडावा. रिले पाय खाली करून बसवावा, म्हणजे पावसाचे पाणी त्यात साचत नाही. स्विचची वायर केबिनमध्ये नेताना फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला, नवे भोक पाडू नये. आधीपासून असलेल्या ग्रोमेटमधून (भोकातल्या रबरी कड्यातून) ती सरकवावी.

आता अर्थ. बाकीच्या सगळ्या कामाला मला एक दुपार लागली आणि या एका जोडाने चार रविवार खाल्ले. त्याच्यावाचून सारे वायरिंग निरर्थक असते. स्वतः वायरिंग केल्यावर माझे दिवे लागत होते, पण पिवळट आणि मंद. खड्ड्यातून गेले की लुकलुकत. मी रिले बदलला, स्विच बदलला, एक बल्बही बदलला. मल्टिमीटर ओमवर (रोध मोजण्यासाठी) ठेवून अर्थ तपासला, तर जेमतेम 0.2 ओम दिसले. तेवढे तर मीटरच्या स्वतःच्या वायरीही दाखवतात, म्हणून अर्थ ठीक आहे असे मी धरून चाललो, आणि तिथेच फसलो. मीटर ओम मोजताना अगदी नगण्य करंट सोडतो. 9 अँपिअर वाहू लागले की तोच 0.2 ओम 1.8 व्होल्ट गिळतो. हॅलोजनचे व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटले तरी उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो, तेव्हा माझे दिवे का रडत होते हे वेगळे सांगायला नको.

म्हणून अर्थ नेहमी दिवे चालू ठेवूनच तपासावा. मीटर डीसी व्होल्टवर लावून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे दिव्याच्या काळ्या वायरीच्या जोडावर टेकवावे. आकडा 0.2 व्होल्टच्या आत हवा. माझ्याकडे तो 1.8 आला, बोल्ट काढला आणि खाली कंपनीचा काळा रंग जसाच्या तसा चकचकीत सापडला. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा मिळेल तेवढाच संपर्क मिळत होता.

रंग पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर पांढरे लोखंड दिसेपर्यंत घासावा. वायरीला लग (बोल्टखाली बसणारे धातूचे कडे) क्रिम्प करून, म्हणजे घट्ट दाबून, लावावा; नुसती वायर पिळून बोल्टखाली दाबणाऱ्याच्या हातात पाना देऊ नये. दात्यांचा वॉशर लावून बोल्ट कसावा आणि मगच वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन चोपडावे. आपल्याकडे हा शेवटचा लेप ऐच्छिक नाही. ऐरोलीत खाडीलगत गाडी उभी करणाऱ्या माझ्या मेव्हण्याने तो टाळला आणि दोन पावसाळ्यांत लगमधले तांबे हिरवे पडले. अर्थ पत्र्याच्या बंपरला न देता चासीला द्यावा. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असेल, तर तो टाळून थेट टर्मिनलला वायर लावण्याचा सल्लाही ऐकू नये, कारण मग तो करंट सेन्सरच्या हिशोबातून सुटतो.

दिव्यांचा रोख लावण्यासाठी गाडी सपाट जागी भिंतीपासून आठ-दहा मीटरवर उभी करावी आणि उजेडाचा मध्य दिव्याच्या उंचीच्या किंचित खाली आणावा. डांबरी रस्त्यावर दिवे बंद आणि झाकलेले ठेवावेत. घोडबंदर रोडवर समोरच्याचे डोळे दिपवत जाणाऱ्याला दंड झाला तर मला त्याची दया येत नाही. पहिल्या जोरदार पावसानंतर तीच व्होल्टची चाचणी पुन्हा करावी, आणि आकडा वाढलेला दिसला तर रिलेकडे न पाहता आधी अर्थचा बोल्ट उघडावा.