दोन अँटिव्हायरस आणि बाबांचा रखडलेला कॉम्प्युटर

बाबांचा जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, विंडोज १०. चालू करून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी डेस्कटॉप दिसायचा नाही. टास्क मॅनेजर (कॉम्प्युटरवर कशाचा किती भार आहे ते दाखवणारी खिडकी) उघडला तर डिस्कचा वापर सतत १०० टक्के. कारण लगेच सापडलं: घड्याळाशेजारी दोन फुकट अँटिव्हायरसचे आयकॉन गुण्यागोविंदाने बसलेले. "एकाने सोडला तर दुसरा पकडेल," इति बाबा.

प्रत्यक्षात उघडलेली प्रत्येक फाइल दोघेही तपासत होते. त्यातला एक तर दर तासाला 'तुमचा पीसी धोक्यात' म्हणून पैसे भरायची खिडकी पुढे करायचा. हे संरक्षण नव्हे, वसुली!

दोन्ही अनइन्स्टॉल केले. एक मुकाट्याने गेला. दुसऱ्याची सर्व्हिस, म्हणजे पडद्याआड चालणारा भाग, मागे चिकटून राहिली. त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल सेफ मोडमध्ये (विंडोज जरुरीपुरतंच सुरू होतं तेव्हा) चालवल्यावर सुटका झाली. रिस्टार्ट केल्यावर विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा झाला. दुसरा अँटिव्हायरस असला की तो बाजूला होतो, हे बाबांना ठाऊकच नव्हतं. मग डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावलं. ते विंडोज सुरू होण्याआधीच तपासतं, त्यामुळे लपून बसलेलंही हाती लागतं.

दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स या व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामची फुकट आवृत्ती ठेवली आहे. सुरुवातीची पूर्ण आवृत्तीची ट्रायल संपली की ती सांगितल्यावरच स्कॅन करते, एरवी मध्ये येत नाही.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह मात्र बाबा अजूनही स्कॅन न करता थेट उघडतात.