आधी बसायला शिका, रायफल नंतर

मी हरणाच्या शिकारीला जातो म्हटल्यावर आई फोनवर ओरडली, "अरे, धरून नेतील!" तिचं बरोबरच आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहावी. मी सांगतोय ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचं. इथे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा सीझन लागतो, आणि त्याच्या महिनाभर आधी आपल्यातला कोणीतरी विचारतोच, "दादा, रायफल कोणती घेऊ?"

रायफलीचं बघू नंतर. आधी लायसन आणि हंटर एज्युकेशनचा कोर्स उरका. मग एका रविवारी मागच्या अंगणात खुर्ची टाका, फोन घरात ठेवा आणि दोन तास हलू नका. नाक खाजलं तरी हात घड्याळाच्या काट्यासारखा वर न्यायचा. पहिल्यांदा मी 22 मिनिटं टिकलो होतो. आणि ते उन्हात, खुर्चीवर! नोव्हेंबरात पहाटे झाडाला टेकवलेल्या शिडीवर बसाल तेव्हा पायाची बोटं आहेत की गेली तेही कळत नाही. (शिडी चढायच्या आधी हार्नेस, म्हणजे झाडाला अडकवायचा सुरक्षा-पट्टा, बांधायचा. पेंगताना पडणारे खूप.)

हरणाला तुम्ही दिसण्याआधी तुमचा वास जातो. त्यामुळे वारा त्याच्याकडून तुमच्याकडे यायला हवा. मी खिशात तांदळाच्या पिठाची पुडी ठेवतो, चिमूटभर सोडली की वारा कुठे वाहतोय ते दिसतं. शिकारीचं जाकीट गॅरेजमध्ये टांगा. माझं पहिल्या वर्षी स्वयंपाकघराच्या दाराला होतं, म्हणजे मी जंगलात लसणीची फोडणी घेऊनच गेलो होतो. त्या वर्षी मला हरणांच्या वर झालेल्या पांढऱ्या शेपट्या तेवढ्या दिसल्या, त्याही पळताना.

आता खारीबद्दल. वाळक्या पानांत खार पळाली की वाटतं, आला बारा शिंगांचा नर! छाती धडधडते, मान गर्रकन वळते, आणि तेवढ्यात खरंच जवळ असलेलं हरीण तुम्हाला बघतं. खार खसखस करत सुटते, थांबते, परत सुटते. हरणाचं तसं नसतं. दोन पावलं, मग बराच वेळ काहीच नाही, मग एक पाऊल. मानेआधी डोळे फिरवायची सवय लावा.

दुसऱ्या वर्षी एक मादी तीस पावलांवर आली. खाली मान घालून चरायचं नाटक केलं, आणि एकदम मान वर. बघतोय का कोणी? मी श्वास धरून बसलो. ती पुढचा पाय आपटून बघत होती. पण ती समोरून होती, आडवी नव्हती, आणि मागे उतार संपून नुसतं आकाश. गोळी कुठे जाऊन पडेल ते दिसत नसेल तर बोट ट्रिगरला लावायचंच नाही. ती निघून गेली. मला शिकवणारा शेजारी साठी ओलांडलेला, तो रिकाम्या हातानं आलेल्या माझ्याकडे बघून खूश झाला, आणि मला त्याचा राग आला होता.

बार झाल्यावरही लगेच खाली उतरू नका. फुप्फुसात लागलं तरी हरीण पळतं, आणि मागे धावलात तर जखमी अंगानं आणखी लांब जातं. निदान अर्धा तास थांबा. चौथ्या वर्षी मी थांबलो तेव्हा हात इतके कापत होते की थर्मासचं झाकण फिरेना. चहा निम्मा मांडीवर सांडला. मग पानांवरचे रक्ताचे थेंब बघत गेलो, शंभर-सव्वाशे पावलांवर ते ओंडक्याआड पडलं होतं.

मारलेल्या हरणाची दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत नोंदणी करा. आणि रस्सा करणार असाल तर चरबी सगळी काढा, ती टाळूला मेणासारखी चिकटते.