पुस्तकातला भूतकाळ: फ्रेंचचा पासे सँप्ल मी कशी शिकले

फ्रेंच शिकायला लागून दीड-दोन वर्षं झाली की प्रवास, घरची माणसं, हवापाणी यांवर बऱ्यापैकी बोलता येतं. मग कुणीतरी हातात गोष्टीचं पुस्तक देतं, आणि पहिल्याच पानावर क्रियापदं अनोळखी निघतात. मला मिळालं होतं ते लहान मुलांसाठीचं चाळीसेक पानांचं पुस्तक. चौथ्या ओळीत राजाबद्दलच्या वाक्यात एक शब्द होता, एफ-यू-टी. शब्दकोशात शोधला तर यूच्या डोक्यावर टोपी असलेला शब्द सापडला, अर्थ दिला होता पिंप. राजाचा आणि पिंपाचा संबंध लागेना. अर्ध्या तासाने मागच्या कोष्टकांत कळलं की हे 'एत्र', म्हणजे 'असणे', याचंच पासे सँप्ल या पुस्तकी भूतकाळातलं रूप आहे: 'इल फ्यू', तो होता, तो झाला. जे क्रियापद मी पहिल्या दिवसापासून रोज वापरत होते, तेच मला ओळखता आलं नव्हतं. त्याचं फार वाईट वाटलं, आणि त्या संध्याकाळी मी सगळी कोष्टकं पाठ करायचा निश्चय केला.

तो निश्चय चुकीचा होता. तुम्ही तो करू नये म्हणून हे लिहिते आहे.

पाठ केलेलं कुठेतरी वापरावंसं वाटतंच. तोंडी परीक्षेच्या सरावात सुट्टीबद्दल बोलताना मी 'नू झालाम' म्हणाले, म्हणजे 'आम्ही गेलो'. रूप बरोबर होतं. बाईंनी थांबवलं आणि मराठीत सांगितलं, "तू आत्ता 'आम्ही लोणावळ्यास जाते झालो' असं म्हणालीस." एवढ्या एका वाक्यात माझा गोंधळ मिटला. बोलण्यात फ्रेंच माणूस पासे काँपोझे, म्हणजे साहाय्यक क्रियापद लावून केलेला भूतकाळ, वापरतो, 'नू सॉम झाले'. पासे सँप्ल आज लिखाणात राहिला आहे: कादंबऱ्या, परीकथा, इतिहास, चरित्रं. पूर्वी तो बोलण्यातही होता. पोर-र्वायाल या मठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १६६० च्या फ्रेंच व्याकरणात नियम आहे की घटना आणि आज यांच्यामध्ये निदान एक रात्र गेलेली असेल तरच हा काळ वापरावा. आजच्या दिवसातल्या गोष्टीला पासे काँपोझे. पुढे बोलण्यातून तो मागे हटत गेला.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. घरी आपण म्हणतो, "आजोबा पहाटे उठायचे, नदीवर जायचे." पुस्तकात मात्र असतं, "आजोबा पहाटे उठत, नदीवर जात." किंवा आणखी जुन्या वळणाचं, "तो रोज येई, ओसरीवर बसे." हे 'येई, जाई, बसे' बोलताना आपण वापरत नाही, तरी वाचताना कुणी अडखळत नाही. शाळेत रीतिभूतकाळ हे नाव कानावर येण्याआधीच गोष्टीच्या पुस्तकांतून ती रूपं ओळखीची झालेली असतात. अर्थाच्या दृष्टीने 'येई' हा पासे सँप्ल नव्हे, तो फ्रेंचच्या अँपार्फेच्या, म्हणजे चालू किंवा नेहमीच्या भूतकाळाच्या, जवळचा. पण बोलीत नसलेला काळ माणूस कसा शिकतो, याचं उत्तर तिथे आहे: वाचून, आणि आधी ओळखायला शिकून.

आता हा काळ करतो काय? एक छोटा प्रसंग घेऊ. 'इल प्लव्हे. ला व्हिएय दोर्मे. सुदँ, ला पोर्त सूव्री.' पाऊस पडत होता. म्हातारी झोपली होती. एकाएकी दार उघडलं. पहिली दोन क्रियापदं अँपार्फेत आहेत, ती नुसती पार्श्वभूमी. दार मात्र पासे सँप्लमध्ये उघडतं आणि तिथून गोष्ट हलते. पुढे: 'एल स लव्हा, प्री ला लांप, ए सोर्ती.' ती उठली, दिवा घेतला आणि बाहेर पडली. तीन क्रिया, एकीमागून एक, आणि क्रम सांगायला 'मग', 'नंतर' असा शब्दही लागला नाही. 'सोर्ती'च्या जागी 'सोर्ते' आलं असतं तर ती बाहेर पडत होती, किंवा रोज बाहेर पडायची. एका स्वराने अर्थ बदलतो. म्हणून मी वाचताना अँपार्फेखाली पेन्सिलीने तुटक रेघ आणि पासे सँप्लखाली सरळ रेघ ओढायचे. दहा पानं अशी वाचली की लेखक कुठे थांबून दाखवतोय आणि कुठे चालायला लागलाय हे दिसू लागतं.

रूपांकडे येते. कोष्टक डोळ्यांनी पाहिलं तर भीती वाटते, कानांनी ऐकलं तर कमी. चार घराणी आहेत आणि प्रत्येकाचा आपला स्वर आहे. मूळ रूप ई-आर ने संपतं त्यांचा, उदाहरणार्थ 'बोलणे'चा, 'आ': पार्ला, पार्लाम, पार्लात. आय-आर वाल्यांचा आणि बऱ्याच आर-ई वाल्यांचा 'ई', जसं 'संपवणे'चं: फिनी, फिनीम, फिनीत, फिनीर. तिसरं घराणं 'यू'चं, ओठांचा चंबू करून 'ई' म्हणावं तसा: फ्यू, फ्यूम, फ्यूत, फ्यूर. चौथं घराणं अगदी लहान, 'व्हनीर' (येणे), 'तनीर' (धरणे) आणि त्यांच्यापासून झालेली क्रियापदं, त्यांचा स्वर नाकातला: व्हँ, व्हँम, व्हँत, व्हँर. अनेकवचनात सगळीकडे तीच तीन व्यंजनं ऐकू येतात: आम्हीला म, तुम्हीला त, ते-त्यांना र. पहिल्या घराण्यात थोडी गडबड आहे, 'मी' ला 'पार्ले' आणि 'ते' ला 'पार्लेर', बाकी शिस्त पक्की. म्हणजे क्रियापदाचा स्वर कळला की 'म, त, र' लावायचं काम उरतं.

स्वर कसा ओळखायचा? पासे काँपोझेसाठी जे भूतकृदंत ('वाचलेलं', 'घेतलेलं' अशा अर्थाचं रूप) आधीच पाठ असतं, ते पुष्कळदा वाट दाखवतं. 'ल्यू' (वाचलेलं) वरून इल ल्यू, 'व्हूल्यू' (इच्छिलेलं) वरून इल व्हूल्यू, 'प्री' (घेतलेलं) वरून इल प्री, 'व्हेक्यू' (जगलेलं) वरून इल व्हेक्यू. लिहिताना शेवटी न उच्चारलेला टी येतो, एवढंच. पण इथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. 'आतांद्र' (वाट पाहणे), 'रेपाँद्र' (उत्तर देणे), 'पेर्द्र' (हरवणे) यांची कृदंतं 'यू'ने संपतात, 'आतांद्यू', 'रेपाँद्यू', 'पेर्द्यू', पण पासे सँप्ल 'ई'चा: इल आतांदी, इल रेपाँदी, इल पेर्दी. गोष्टीत 'तो उत्तरला' दर पानावर येतं, त्यामुळे 'रेपाँदी' एकदा कानात बसवा, बाकीची त्याच्यामागे येतात. 'पाहणे'चंही तसंच, कृदंत 'व्ह्यू' पण इल व्ही. आणि काही रूपं सरळ तोंडपाठच करावी लागतात: एत्रचं फ्यू, फेर म्हणजे 'करणे'चं फी, जन्मण्याचं नाकी, मरण्याचं मूर्यू. व्हिक्तॉर ह्यूगो १८०२ मध्ये बझाँसाँला 'नाकी' आणि १८८५ मध्ये पॅरिसला 'मूर्यू', असं एकेका माणसाचं आयुष्य दोन ओळींत लिहून मी ही रूपं बसवली.

'दी' (म्हणणे) आणि 'फिनी' (संपवणे) यांचं वर्तमान आणि पासे सँप्ल एकवचनात हुबेहूब सारखं असतं, तिथे शेजारचं क्रियापद पाहायचं. त्यावर जास्त वेळ घालवू नका.

सहाच्या सहा पुरुष घोकायची गरज नाही, हे मला फार उशिरा उमगलं. वाचनात भेटतात ते 'तो, ती' आणि 'ते, त्या'. 'आत्मकथनात' 'मी' येतो, पण 'तुम्ही आलात' अशा अर्थाचं 'व्हू व्हँत' मला इतक्या वर्षांत मोजक्याच वेळा भेटलं. याला कारणही आहे. एमिल बँव्हनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ च्या लेखात दाखवलं की हा काळ ज्या कथनात येतो तिथे बोलणारा बाजूला होतो आणि घटना जणू आपण होऊन घडत जातात. समोर 'तू' नाही, म्हणून 'तू'ची रूपं विरळ. फ्रान्समध्ये २०१६ मध्ये लागू झालेल्या शालेय अभ्यासक्रमानेही लहान वर्गांत तृतीय पुरुषावरच भर दिला, आणि त्यावरून तिथे बराच वाद झाला. परक्या विद्यार्थ्याला मात्र तो निर्णय सोयीचाच आहे.

पुस्तकं निवडताना एक सांगते. आपल्याकडे पुष्कळांना पहिली 'मोठी' कादंबरी म्हणून अल्बेर काम्यूची १९४२ ची 'लेत्रांझे' दिली जाते. वाचायला सोपी जाते, कारण ती जवळजवळ सगळी पासे काँपोझेत आहे. त्या काळी कादंबरीसाठी ही निवड वेगळी होती, आणि पासे सँप्ल ओळखीचा झाल्याशिवाय तिचं वेगळेपण जाणवत नाही. त्यामुळे आधी परीकथा वाचा. शार्ल पेरोच्या १६९७ च्या कथा आजच्या स्पेलिंगमध्ये मिळतात, गोष्ट आधीच माहीत असते, आणि दार उघडणं, लांडगा येणं, राजपुत्र निघणं ही सगळी क्रियापदं पुन्हा पुन्हा भेटतात.

भाषांतराचं काम करायला लागल्यावर हा सगळा अभ्यास दुसऱ्या बाजूने उपयोगी पडला. पासे सँप्लचं मराठी करताना 'जाता झाला' लिहायचं नसतं. फ्रेंच वाचकाला कादंबरीत 'सोर्ती' वाचताना काहीच जुनाट वाटत नाही, म्हणून मराठीत साधं 'बाहेर पडली'च. खरी कसोटी त्याच्या भोवतीच्या अँपार्फेची असते. 'बसायची', 'बसत असे', 'बसे' यांतलं काय घ्यायचं, हे ठरवायला मला कधी कधी एका परिच्छेदाला अख्खी सकाळ लागते.