पार्किन्सन्समध्ये पडण्याची भीती: घरच्यांनो, या चुका टाळा

पार्किन्सन्सच्या पेशंटना घरी जाऊन व्यायाम शिकवणं हे माझं काम. घर पेठेतलं असो की हिंजवडीतलं, चुका त्याच दिसतात. आणि त्यातल्या बऱ्याचशा पेशंट करतच नाही, काळजीपोटी घरचे करतात.

"तुम्ही उठू नका, पडाल." ही त्यातली सगळ्यात मोठी. एकदा तोल गेला की चहा, जेवण, औषध, सगळं खुर्चीतच मिळायला लागतं. काही आठवड्यांत मांड्यांतली ताकद जाते, अंग आखडतं, पावलं आणखी तोकडी पडतात. मग ते खरंच पडतात आणि घरचे म्हणतात, "बघा, सांगत होतो ना!" मी पहिल्या दिवसापासून उठ-बस करून घेते: हात असलेली भक्कम खुर्ची, शेजारी माणूस, पुढे झुकून उठायचं, सावकाश बसायचं. रोज. आठवडाभर करून "फरक नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पुन्हा खुर्ची पुढे ओढते.

दुसरी चूक हात धरून ओढण्याची. एक काका एसटीत कंडक्टर होते. बाथरूमच्या दारात त्यांचे पाय जमिनीला चिकटले. मुलाला ऑफिसची घाई, त्याने "चला हो बाबा" म्हणत समोरून हात ओढला. वरचं अंग पुढे आलं, पाय तिथेच राहिले. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी काका त्या दाराकडे जाईनात, पलंगाशीच भांडं मागू लागले.

या आजारात मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी होतं, त्यामुळे एरवी आपोआप पडणारं पाऊल अडतं. दार, वळण, अरुंद जागा आली की जास्तच. पण डोळ्यांना रेघ दिसली किंवा कानांना ताल मिळाला, तर तेच पाऊल बऱ्याचदा उचललं जातं. आम्ही दाराशी एकेका पावलाच्या अंतरावर पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या. काकूंना सांगितलं, ओढायचं नाही, घाई करायची नाही, बाजूला उभं राहायचं. काका थांबायचे, ताठ व्हायचे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायचे आणि स्वतःच म्हणायचे, "डबल बेल!" दुसऱ्या शब्दाला पाऊल पट्टीपलीकडे. तुमच्या घरी "ज्ञानबा-तुकाराम" चालेल, "एक-दोन" चालेल. ताल पेशंटच्या ओळखीचा हवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. जागेवर गर्रकन वळू नका, चार-पाच पावलं टाकत मोठा वळसा घ्या. चालताना प्रश्न विचारू नका, हातात कपबशी देऊ नका. फोन वाजला तर वाजू दे. सटकणारं पायपुसणं आजच काढा, सपाता बदला, रात्री बाथरूमपर्यंत दिवा ठेवा. अंथरुणातून उठल्यावर पाय खाली सोडून जरा बसा, कारण या आजारात उभं राहताना बीपी उतरू शकतं. चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा. ऑनलाइन मागवलेला वॉकर मला अजिबात आवडत नाही: उचलून ठेवायचा वॉकर काहींचे पाय आणखी अडकवतो. आधी फिजिओथेरपिस्टला चालून दाखवा, मग खरेदी. आणि लेव्होडोपाची, म्हणजे डोपामिन भरून काढणाऱ्या गोळीची, वेळ पाळा. गोळीचा असर उतरला की पाय जास्त अडतात, म्हणून आंघोळ आणि फिरणं असर चांगला असतानाच. "डोस वाढवला की तोल सुधारेल" हा शॉर्टकट मनाने करू नका. कडकपणा गोळीने जितका कमी होतो, तितका तोल सुधारत नाही.

आणखी एक गोष्ट जवळजवळ कुणीच शिकत नाही: पडल्यावर उठणं. निम्मी भीती "पडलो तर उठणार कसा" याचीच असते. फिजिओथेरपिस्टसमोर, गादीवर सराव करा. आधी कुशीवर वळा, मग रांगायच्या स्थितीत या, खुर्चीपर्यंत जा, तिच्यावर हात टेका, एक पाऊल पुढे रोवा आणि उठा. घरच्यांनी बगलेत हात घालून उचलू नये, खुर्ची घट्ट धरून ठेवावी. डोक्याला मार लागला असेल किंवा पायावर भार देता येत नसेल, तर मात्र हलवू नका, १०८ ला फोन करा.